फुलराणीचे तात्पर्य

सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसपच्या गोष्टी मराठीत आणल्या. त्या वळणाच्या गोष्टींबरोबर गोष्टीच्या शेवटी बांधलेले 'तात्पर्य'ही आपल्या शाळांत रुजले. आज मराठी वाचकाला गोष्ट सांगून संपवली आणि तात्पर्य सांगितले नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. परीकथेच्या बाबतीत ही सवय अधिकच अडचणीची ठरते. सिंह, कोल्हा आणि करकोचा यांच्याकडून शहाणपणाचे एखादे वाक्य काढून घेणे सोपे असते. पण सात खंदकांपलीकडे राहणारी राजकन्या किंवा पहाटेच्या किरणाशी लग्न लावणारे फूल यांच्याकडून नेमके काय काढून घ्यायचे?

या प्रश्नाचे एक जुने आणि जगभर चाललेले उत्तर ख्रिस्ती वाचकांनी दिले आहे. परीकथेतील मरण आणि पुनरुज्जीवन, शापित राजपुत्र आणि त्याला सोडवणारे प्रेम, अंधाराशी अखेरपर्यंत लढणारा एकटा वीर, या सर्वांत त्यांना शुभवर्तमानाच्या खुणा दिसतात. अलीकडे हेच वाचन दूरचित्रवाणीवरील अद्भुत मालिकांनाही लागू केले जाते. मराठीत या वाचनाचा इतिहास काय आहे, आणि त्या इतिहासात खानदेशाचे स्थान कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही दोघेही खानदेशात मराठी शिकवतो, एक जळगावला आणि एक धुळ्याला. त्यामुळे हा विषय आमच्यापुढे ग्रंथालयातून येण्याआधी वर्गातून आला.

एम.ए.च्या वर्गातील नवापूरकडच्या एका विद्यार्थ्याने बालकवींच्या 'फुलराणी'वर निबंध लिहिला. तो आपल्या गावच्या चर्चमध्ये रविवारी मुलांची शाळा घेतो. फुलराणी म्हणजे मानवी आत्मा, रविकिरण म्हणजे ख्रिस्त आणि पहाटेचे लग्न म्हणजे तारण, अशी मांडणी त्याने केली होती. शेवटी 'शक्तिमान'चाही उल्लेख होता: सामान्य माणसाच्या वेषात वावरणारा आणि तारणासाठी प्रकट होणारा नायक. निबंध वाचून झाल्यावर वर्गात दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे, की हा अर्थ कवितेत नाही, तो बाहेरून घुसडलेला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की विराण्यांतील विरहिणीला आपण जिवाचे रूप मानतो, तेव्हा कोणी घुसडल्याची तक्रार करीत नाही, मग याच्याच बाबतीत का? दोन्ही बाजूंना आवाज चढला होता, कारण प्रश्न कवितेपुरता नव्हता. आपल्या सर्वांच्या समजल्या जाणाऱ्या कवितेचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, असा तो प्रश्न होता.

२

या प्रश्नाचा मराठीतील पहिला मोठा टप्पा गोव्यात सापडतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलच्या मुद्रणालयातून बाहेर पडले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या जन्माचे कारण स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे ऐकण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांच्यातील एकाने विनवणी केली की आमची पुराणे काढून घेता, तर त्यांच्या जागी तशाच प्रकारचे काही द्या.

ही विनवणी फार महत्त्वाची आहे. धर्म बदलला तरी श्रवणाची भूक बदलली नव्हती. प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेने ती भागत नव्हती. तिला कथा हवी होती, ओवी हवी होती, स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी ओळखीची भाषा हवी होती. स्टीफन्स यांनी ती दिली. मात्र त्यांनी केलेली गोष्ट आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधाच्या नेमकी उलट होती. त्यांनी जुन्या पुराणकथांत ख्रिस्त शोधला नाही. ख्रिस्ताची कथा घेऊन ती पुराणाच्या घाटात ओतली. कथा एकाची आणि घाट दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती, आणि ती वाचकाला उघड दिसत होती.

हा ग्रंथ पुढे दीर्घकाळ विद्वानांच्याही नजरेआड राहिला. त्याची आधुनिक आवृत्ती जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून काढली, तीही रोमन लिपीत. तिचे साल १९०७ होते. त्याच वर्षी जळगावात काय घडले ते पुढे येईलच. देवनागरीतील आवृत्तीसाठी मराठी वाचकाला शांताराम बंडेलू यांच्या १९५६ मधील संपादनापर्यंत थांबावे लागले.

३

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांचे मराठी साहित्य मात्र अद्भुताकडे संशयाने पाहत होते. जॉन बन्यन यांच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर 'यात्रिक क्रमण' या नावाने १८४१ मध्ये आले. त्यात राक्षस आहेत, दलदल आहे, निराशेचा किल्ला आहे. थोडक्यात, परीकथेचा बहुतेक सारा सरंजाम आहे. पण त्यातील प्रत्येक वस्तूच्या गळ्यात नावाची पाटी अडकवलेली आहे. दलदल कशाची आणि किल्ला कोणाचा हे आधीच सांगितलेले असल्यामुळे वाचकाला चुकण्याची मुभाच नाही. रूपककथेचे बळ त्या पाट्यांत असते, आणि तिची मर्यादाही तेथेच असते.

बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग धरला. हिंदू विधवांची दुःखे दाखवण्यासाठी त्यांनी परीकथेचा आधार घेतला नाही. प्रवासात भेटणाऱ्या हाडामांसाच्या स्त्रियांच्या हकिकतींचा आधार घेतला. त्यानंतरच्या दशकात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. म्हणजे मराठी कादंबरीच्या पहाटे वास्तवाचा पक्ष एका ख्रिस्ती लेखकाने घेतला, आणि अद्भुताचा पक्ष परंपरेत वाढलेल्या शास्त्र्यांनी व त्यांच्या समकालीनांनी घेतला. ख्रिस्ती वाचन आणि परीकथा यांचे नाते स्वाभाविक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा उलटा इतिहास लक्षात घ्यावा. सुधारणेची घाई असलेल्याला परीकथा वेळ घालवणारी वाटते. तिच्याकडे पाहण्यासाठी थोडी उसंत लागते.

४

ती उसंत एका आयेपाशी होती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. तंबूतल्या मोकळ्या वेळात तिच्याबरोबरची आया अन्ना लिबराता डिसूझा तिला गोष्टी सांगू लागली. त्या मेरीने लिहून घेतल्या, आणि १८६८ मध्ये लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' हा संग्रह प्रसिद्ध झाला. भारतीय लोककथांच्या आधुनिक संकलनातील तो आरंभीचा आणि फार गाजलेला ग्रंथ आहे. अन्नाचे घराणे मूळचे लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेले. गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या होत्या. संग्रहाच्या आरंभी मेरीने अन्नाची आत्मकथाही तिच्याच बोलण्याच्या ढंगात दिली आहे. गोष्ट सांगणाऱ्या बाईला स्वतःचे नाव आणि स्वतःची हकिकत मिळावी, हे त्या काळात दुर्मीळ होते.

त्या संग्रहात 'पंचफुलराणी' नावाची कथा आहे. ही राजकन्या पाच पांढऱ्या कमळांहून अधिक वजनाची नाही. खंदक आणि भाल्यांची कुंपणे यांच्या पलीकडे ती राहते. पुढे तिचा नवरा मरतो. रात्री झाडाखाली प्रेताजवळ बसलेल्या तिला कोल्हा-कोल्हिणीचे बोलणे ऐकू येते, आणि त्यातून तिला कळते की याच झाडाच्या पानांच्या रसाने तो उठेल. ती पाने चुरते, रस लावते, आणि मेलेला राजा जिवंत होतो.

मेलेला परत उठतो, झाड जीवन देते, रात्रभर प्रेताशी बसलेल्या स्त्रीला ते आधी कळते. ख्रिस्ती वाचकाला याहून अधिक काय हवे? तरीही छापील कथेत शुभवर्तमानाचा उल्लेख नाही. आजीकडून आली तशी ती पुढे जाते, आणि कथेत राक्षस, जादूगार व बोलणारे पक्षी आपापल्या जागी राहतात. अन्ना श्रद्धेने ख्रिस्ती होती आणि कथनाने आपल्या आजीची नात होती. ही दोन्ही नाती तिच्या ठिकाणी सुखाने नांदत होती. तात्पर्य न जोडणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे, एवढे या आयेकडून शिकण्यासारखे आहे.

५

आता जळगावकडे वळू. खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ मध्ये झाली, आणि पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण म्हणून जळगाव नुकतेच आकार घेत होते. १९०७ मध्ये तेथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पोलीस खात्यातील वडिलांच्या बदल्यांबरोबर खानदेशातील गावे पाहिलेला, धरणगावात १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तेथे कविता म्हणतो, आणि कीर्तिकर त्याला 'बालकवी' ही पदवी देतात. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग पाठ असतो.

याच सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ठोंबरे यांचा स्नेह जुळला, आणि पुढे ठोंबरे काही काळ टिळकांच्या अहमदनगरच्या घरी राहिले. हा सहवास साधा नव्हता. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या वर्षांची होरपळ त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. अशा घरी एका ब्राह्मण मुलाने राहणे म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रात लोकापवादाला आमंत्रण होते. मुलगा बाटणार, ही शंका आपोआपच उभी राहणारी होती. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून दिसणारे ठोंबरे हे त्या घरातील एक लाडके, लहरी मूल आहे. अनुयायी म्हणून ते तेथे दिसत नाहीत.

एकाच घरात वावरलेल्या या दोन कवींची फुले शेजारी ठेवून पाहावीत. टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हटले जाते. त्यांच्या 'वनवासी फूल' या दीर्घकाव्यात फूल कवीशी संवाद करते, आणि त्या संवादातून जीवनाच्या कर्तव्याचा विचार पुढे सरकतो. तेथे फुलाला मत आहे, युक्तिवाद आहे. वाचणाऱ्याने शेवटी काही ठरवावे अशी त्याची अपेक्षा आहे. 'फुलराणी'तले फूल काहीच शिकवत नाही. ते हिरवळीवर खेळते, संध्याकाळचा वारा त्याची थट्टा करतो, रात्री ते स्वप्नात हरवते, आणि पहाटे त्याचे रविकिरणाशी लग्न लागते. त्या लग्नात वाङ्निश्चय आहे, वऱ्हाड आहे, दवाचा अंतःपटही आहे. म्हणजे सोहळा पूर्णपणे मराठी घरातला आहे, तरी तो कोणत्याही धर्मग्रंथाचा दाखला देत नाही. कवितेच्या शेवटी वनदेवी ही कहाणी वातावरणात लिहीत राहतात. 'कहाणी' हा शब्द तेथे सहज आलेला नाही, असे आम्हांला वाटते. त्याकडे पुढे येऊ.

टिळकांची थोरवी आम्हांला येथे दिसते. ते प्रचारक होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. कीर्तन आणि भजन हे प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे काम त्यांच्याकडे होते. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ते १९३८ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. या सर्व उद्योगात त्यांचा मार्ग स्टीफन्स यांचाच आहे: कथा ख्रिस्ताची, घाट आपल्या मातीचा. आणि ज्या मुलाला त्यांनी माया दिली, त्याची फुलराणी मात्र फुलराणीच राहिली. बालकवी ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली गेले. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. बालकवींच्या मागे राहिलेल्या कवितांत आनंदाचे गाणे आहे आणि काळवंडलेले औदासीन्यही आहे. त्या औदासीन्याचे तारणात रूपांतर करून दाखवणे कोणालाही सोपे नाही.

६

पश्चिमेकडे हा प्रश्न विसाव्या शतकात नव्याने मांडला गेला. जी. के. चेस्टरटन यांनी १९०८ मध्ये 'ऑर्थोडॉक्सी' या पुस्तकात परीकथांच्या नीतीवर एक प्रकरण लिहिले. जगाकडे आश्चर्याने आणि कृतज्ञतेने पाहण्याची सवय आपल्याला दाईने सांगितलेल्या गोष्टींनी लावली, असे त्यांचे म्हणणे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी मार्च १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. सर्व काही संपले असे वाटत असताना कथा अचानक आनंदाकडे वळते, हे परीकथेचे मर्म असून त्या वळणासाठी त्यांनी 'यूकॅटास्ट्रॉफी' हा शब्द घडवला. शुभवर्तमान ही अशीच, पण इतिहासात प्रत्यक्ष घडलेली कथा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही पाट्या लावलेली रूपककथा त्यांना मनापासून नावडती होती. त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात कथा १९५० ते १९५६ या काळात आल्या. त्यातील सिंह आस्लान मरतो आणि उठतो. लुईस यालाही रूपककथा म्हणत नसत. नार्नियासारखे जग खरेच असते, तर ख्रिस्त तेथे कसा आला असता, अशी ती कल्पना आहे, असे ते सांगत.

म्हणजे टॉल्किन आणि लुईस यांच्या कथांत ख्रिस्ती अर्थ शोधणारा वाचक बाहेरून काही आणत नाही. लेखकाने पेरलेलेच तो वेचतो. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या १८३७ मधील 'छोटी जलपरी'चेही तसेच. तिला राजपुत्र हवा आहे, पण त्याहून अधिक अमर आत्मा हवा आहे, कारण तिच्या जातीच्या प्राण्यांना तो नसतो. डिस्नेच्या १९८९ मधील चित्रपटात तो आत्मा गळाला आणि लग्न उरले. अर्थ बाहेरून घुसडला जातो याची तक्रार आपण नेहमी ऐकतो. अर्थ गुपचूप काढून टाकला जातो, याची तक्रार क्वचितच होते. जलपरी शिकवताना तिची आत्म्याची तहान वगळणारा शिक्षक हाही कथेवर तितकाच अन्याय करतो.

आपल्या दूरचित्रवाणीने दोन्ही रीती वापरल्या. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'विक्रम और बेताल'मध्ये प्रत्येक भाग प्रश्नाने संपे. वेताळ विचारी, दोषी कोण? विक्रम उत्तर देई आणि मौन मोडल्यामुळे प्रेत हातचे जाई. १९९७ ते २००५ या काळात चाललेल्या 'शक्तिमान'च्या भागांना मात्र शेवटी उपदेशाची जोड असे, आणि नायक मुलांना चांगल्या सवयी सांगे. एका मालिकेच्या शेवटी कोडे, दुसरीच्या शेवटी तात्पर्य. दोन्हींचे मूळ आपल्याच कथापरंपरेत आहे.

७

कारण मराठीत गोष्ट संपवण्याची एकच पद्धत कधीच नव्हती. इसपाची गोष्ट तात्पर्याने संपते. वेताळपंचविशीतील गोष्ट प्रश्नाने संपते. व्रताची कहाणी सुफळ संपूर्ण होते, म्हणजे तिचा शेवट ऐकणाऱ्याच्या घरात फळतो आणि तिला अर्थाची पुरवणी लागत नाही. आणि महानुभावांचा चौथा प्रकार आहे. केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असे तीन भाग असतात. चक्रधरांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि ती ज्याला लागू करायची ते दार्ष्टान्तिक. गोष्ट आणि तिचा उपयोग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे भान येथे रचनेतच आहे. आमच्या वर्गातील वादासाठी याहून नेमका पारिभाषिक शब्द आम्हांला कोठे मिळाला नाही. 'फुलराणी' ही दृष्टान्त म्हणून लिहिली गेली नाही. आमच्या विद्यार्थ्याने तिला दार्ष्टान्तिक पुरवले. पुरवू नये असे नाही. पण ते आपण पुरवले आहे, हे सांगावे.

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती वाचकानेच ध्यानात घ्यावी. ज्या शुभवर्तमानाच्या नावाने तो तात्पर्य शोधतो, त्यातील दृष्टान्त तात्पर्याला सहजी वश होत नाहीत. पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा अर्थ येशू शिष्यांना उलगडून सांगतो, हे खरे. पण लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त प्रश्नाने संपतो. या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे येशू ऐकणाऱ्यालाच विचारतो. रीत थेट वेताळाची आहे. पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे आणि बाप त्याला समजावतो आहे. तो आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. दोन हजार वर्षे तो दाराबाहेर उभा आहे, आणि त्यामुळेच ती गोष्ट प्रत्येक वाचकाला स्वतःची वाटते. तिच्याखाली एक वाक्याचे तात्पर्य लिहिले, तर आधी तो भाऊ नाहीसा होतो.

याच मुद्द्यावर खानदेशाने पाहिलेला एक नमुना आठवतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरून घेतली. याच माणसाने व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझराब्ल' ही कादंबरी 'दुःखी' म्हणून आणि जॉर्ज एलियट यांची 'सायलस मार्नर' ही 'मनूबाबा' म्हणून मराठी मुलांपर्यंत आणली. दोन्ही कथांच्या पाठीशी ख्रिस्ती क्षमेचे आणि कृपेचे जग आहे. मार्नरच्या कथेत तर थेट परीकथेचे वळण आहे: विणकराचे सोने चोरीला जाते, आणि पुढे सोन्याच्या जागी सोनेरी केसांचे मूल सापडते. गुरुजींनी ती कथा आपल्या मातीत आणली. तिचा मूळ धर्म खोडून त्या जागी दुसरा धर्म लिहिण्याची गरज त्यांना पडली नाही. मूल मिळाल्याने माणूस माणसांत परततो, हे दोन्हीकडे सारखेच खरे होते. गीता लिहून घेणारा हात परक्या श्रद्धेच्या गोष्टीही इतक्या मायेने लिहितो, तेव्हा 'हा अर्थ कोणाच्या मालकीचा' हा प्रश्न थोडा लहान होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. परीकथेत किंवा अद्भुत मालिकेत आपल्या श्रद्धेची खूण दिसणे हा वाचकाचा हक्क आहे, आणि तो ख्रिस्ती विद्यार्थ्याला वारकरी विद्यार्थ्याइतकाच आहे. नवापूरकडील मुलाला तो नाकारायचा आणि विरहिणीत जीव पाहणाऱ्याला तो द्यायचा, हा पक्षपात आहे. मात्र हक्काबरोबर तीन बंधने येतात. पहिले, लेखकाने पेरलेले आणि वाचकाने आणलेले यांतील भेद सांगावा. आस्लान आणि रविकिरण एका मापाने मोजता येत नाहीत. दुसरे, अर्थ लावून झाल्यावर कवितेत काय शिल्लक राहते ते पाहावे. फुलराणी म्हणजे आत्मा ठरल्यावर संध्याकाळच्या वाऱ्याच्या थट्टेचे काय करायचे? ती थट्टा अर्थात बसत नसेल, तर अर्थ अपुरा आहे, थट्टा फालतू नाही. तिसरे, आपल्या वाचनाच्या शेजारी दुसऱ्याचे वाचन बसू द्यावे. त्याच किरणात कोणी मधुराभक्ती पाहील, कोणी केवळ सकाळ पाहील.

या बंधनांची गरज सर्वांत जास्त आम्हां शिक्षकांना आहे. प्रश्नपत्रिकेत 'या कवितेतून कवीने कोणता संदेश दिला आहे?' हा प्रश्न आम्हीच दरवर्षी घालतो, आणि मग विद्यार्थी संदेश शोधतात म्हणून आम्हीच कुरकुरतो. श्रद्धेने तात्पर्य काढणारा विद्यार्थी आणि गुणांसाठी तात्पर्य काढणारा विद्यार्थी यांत पहिला निदान कवितेकडून काही मोठे मागतो. त्या निबंधाला आम्ही गुण दिले, आणि खाली दोन प्रश्न लिहिले: वारा कोण? आणि वनदेवी ही कहाणी कोणासाठी लिहितात? दुसऱ्या सत्रात त्याने सहा पाने लिहून आणली. त्यात ख्रिस्त होता, पण वाराही होता, आणि वनदेवींचा परिच्छेद सर्वांत चांगला उतरला होता.